बोल्ट आवळून थकलो, तरी हँडलचा कप खडखडतोच! (थ्रेडलेस हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बिनआट्याच्या पाइपावरची बेअरिंगं)

जिंतूररोड, परभणी

मंडळी, जुनी हायब्रिड सायकल घेतली आहे. डिस्क ब्रेक, पुढं सस्पेन्शन नाही, साधा कडक फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी "टक्" होतं. गतिरोधकावर दोनदा वाजतं, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. परभणीत गतिरोधक किती आहेत ते सांगायला नको.

स्टेमचे (हँडल फोर्कच्या पाइपाला जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे दोन बोल्ट आधी सैल करायचे आणि मग वरच्या टोपणाचा बोल्ट आवळायचा, हे मला माहीत आहे आणि तसंच करतोय. बोल्ट पार दगड होतो, पुढं सरकत नाही. पण खडखड जशीच्या तशी, आणि हँडल जडही होत नाही. दुकानात दाखवली तर न उघडताच "बेअरिंग गेलं, अख्खा सेट टाका" म्हणाले. टाकायला हरकत नाही, पण दुखणं तेच आहे का हे आधी कळू द्या.

फुलचार्ज

भाऊ, ऍलन कीला पाइप लावून अजून एक फेरा मार. बसतंय बरोबर. जगात जर्मनी, भारतात परभणी!

घाटवाटा, संभाजीनगर

पाइप अजिबात लावू नका. टोपणाचा बोल्ट काही धरून ठेवण्यासाठी नसतो. फोर्कच्या वर येणाऱ्या पाइपात आत एक चांदणीच्या आकाराचा नट ठोकलेला असतो, त्याला हा बोल्ट वर ओढतो. म्हणजे फोर्क वर येतो, स्टेम खाली दाबला जातो आणि मधली दोन्ही बेअरिंगं जवळ येतात. खडखड गेली की त्याचं काम संपलं. तेवढ्या जागी फोर्क धरून ठेवायचं काम स्टेमच्या बाजूच्या बोल्टांचं. पाइप लावून आवळलं तर बेअरिंग जागच्या जागी, चांदणी मात्र उखडून वर येईल.

कार्बन फोर्क असेल तर चांदणी ठोकतच नाहीत, आतून फुगणारा प्लग असतो. तिथं तर पाइपवाल्याला जवळही येऊ देऊ नका.

आता मूळ मुद्दा. ही खडखड हेडसेटचीच आहे हे कशावरून? ब्रेक धरून सायकल पुढं-मागं हलवायची चाचणी डिस्क ब्रेकवर फसवते. डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरमध्ये पॅड किंचित सरकतात आणि तो झटका हाताला हुबेहूब हेडसेटसारखा लागतो. म्हणून ब्रेक सोडा, हँडल काटकोनात वळवून चाक आडवं करा आणि मग सायकल पुढं-मागं ढकला. त्या वेळी दुसऱ्या हाताची बोटं वरच्या कपाच्या (बेअरिंग बसतं त्या वाटीच्या) सांध्यावर ठेवा, अर्धं बोट फ्रेमवर, अर्धं बेअरिंगवरच्या टोपीवर. तसंच खालच्या सांध्यावर. हलत असेल तर बोटाला कळतंच, डोळ्याला दिसणार नाही. आणि चाक उचलून रिम आडवी हलवून बघा. तिथं प्ले (ढिलेपणा) असेल तर तो हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, त्याचा हेडसेटशी संबंध नाही.

बाबूमिस्त्री, जालना

बरोबर सांगायलेत घाटवाटा. आमच्याकडं दहा गिऱ्हाईकं "कप गेला" म्हणत येतात, त्यातल्या कैकांचं पुढचं चाकच ढिलं असतंय. क्विक रिलीज (चाक पटकन काढायची लिव्हर) नुसतं स्क्रूसारखं फिरवून ठेवतात, लिव्हर पलटीच मारत नाहीत. आधी ते बघ लेकरा.

जिंतूररोड

सगळं करून बघितलं. चाक पक्कं, हबला प्ले नाही. हँडल आडवं करून ढकललं तरी टक् येतोच, आणि वरच्या सांध्यावर बोटाला केसभर हालचाल स्पष्ट कळते. म्हणजे दुखणं हेडसेटचंच आहे.

लेथवाला, लातूर

मग दुकानवाल्याचं निदान अजूनही खरं असू शकतं, पण तुमच्या एका वाक्यावर अडलोय. "बोल्ट दगड होतो, पण हँडल जड होत नाही." बेअरिंग खराब असतं तर आवळल्यावर हँडल जड झालं असतं, खरखरलं असतं. काहीच फरक पडत नाही याचा अर्थ बोल्टची ताकद बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. वाटेत कुठंतरी अडते.

टोपण काढा आणि आत बघा. फोर्कचा पाइप स्टेमच्या वरच्या कडेच्या साधारण ३ मिलिमीटर खाली हवा. पाइप कडेला येऊन भिडला असेल, तर टोपण पाइपावरच टेकतं. मग दिवसभर आवळा, तुम्ही पाइपाला दाबताय, स्टेमला नाही.

तिथं ३ मिलिमीटर मिळाले, तर दुसरा संशय वरच्या बेअरिंगवर बसणाऱ्या चिरलेल्या कड्याचा. ते पाचरीसारखं पाइप आणि बेअरिंग यांच्या मधे घुसतं आणि पाइप मध्यावर धरतं. कुणीतरी उघडून उलटं बसवलं, किंवा बसवायचंच राहिलं, तर खडखड जाता जात नाही.

जिंतूररोड

लेथवाला सर, दंडवत घ्या. टोपण काढलं. पाइप स्टेमच्या कडेला अगदी बरोबरीत, वरून नखसुद्धा अडत नाही. टोपणाच्या आतल्या बाजूला पाइपच्या कडेनं चकचकीत गोल खूण कोरली आहे, आणि स्टेमच्या वरच्या कडेवर मात्र काळा रंग नव्यासारखा. म्हणजे टोपण स्टेमला कधी लागलंच नाही.

आता कळतंय की स्टेम मूळचा नसणार. हँडलवर एक नाव आहे, स्टेमवर दुसरंच. आधीच्या मालकानं बदललेला दिसतो.

लेथवाला

तेच. सगळ्या स्टेमची पाइपावर बसायची उंची सारखी नसते. एखादा ४० मिलिमीटरचा, एखादा त्याहून बुटका. स्टेम बदलताना लोक लांबी आणि कोन बघतात, ही उंची कुणी बघत नाही. ५ मिलिमीटरचा एक स्पेसर (पाइपावर बसणारं कडं) टाका, बेअरिंग बदलायची गरज नाही.

फुलचार्ज

स्पेसर कशाला मागवतोस, पीव्हीसी पाइपचा तुकडा काप ना. किंवा पाइपच कानशीनं घास ५ मिलिमीटर.

लेथवाला

पीव्हीसी दबतं, चार दिवसांत सेटिंग पुन्हा ढिलं. आणि घासलेला पाइप परत वाढत नाही. उद्या याला उंच स्टेम लावायचा झाला तर फोर्कच भंगारात. त्यापेक्षा १⅛ इंचाचा, म्हणजे २८.६ मिलिमीटर भोकाचा ऍल्युमिनियमचा स्पेसर कुठल्याही बऱ्या सायकल दुकानात मिळतो. स्टेमच्या वर टाकला तर हँडलची उंची आहे तीच राहील, खाली टाकला तर तेवढी वाढेल. पाठदुखी असेल तर खाली टाका.

घाटवाटा

स्पेसर आल्यावर सेटिंग कसं करायचं तेही सांगून ठेवतो, कारण गंमत तिथंच आहे.

स्टेमचे दोन्ही बोल्ट स्टेम हातानं वळेल इतके सैल. टोपणाचा बोल्ट ऍलन कीचं लांब टोक टोपणात घालून, आखूड बाजू धरून आवळा, म्हणजे जोर लावायची इच्छा झाली तरी लागणार नाही. अडलं की थांबा. बोटं सांध्यावर ठेवून हलवून बघा. टक् आला की पाव फेऱ्याच्याही निम्मा फिरवा, पुन्हा बघा. टक् ज्या क्षणी गेला तिथंच थांबायचं. "थोडं अजून, म्हणजे पक्कं" हा मोह बेअरिंगं खातो.

मग पुढचं चाक उचला आणि सायकल किंचित कलती धरा. हँडल आपल्या वजनानं त्या बाजूला पडलं पाहिजे. केबल कडक असतील तर थोडा अडथळा येईल, तो सोडून द्या. पण मधे कुठं थबकलं, किंवा अर्ध्यात लटकून राहिलं, तर जास्त आवळलंय. शेवटी स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. किती जोरानं आवळायचं त्याचा आकडा स्टेमवर छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन मीटर किंवा त्याच्या आसपास. हे बोल्ट आवळल्यावर पुन्हा टोपणाला हात लावायचा नाही, लावून उपयोगही नाही.

गोदाकाठची, नांदेड

धागा थोडा पळवते, माफ करा. माझं बरोब्बर उलटं आहे. सर्व्हिसिंगहून आल्यापासून सायकल सरळ चालतच नाही. देगलूर रोडला सरळ रस्ता आहे, तरी ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं करते आणि मी सारखी सावरत बसते. आधी पाण्याची बाटली काढताना एक हात आरामात सोडायचे, आता भीती वाटते. सोबतच्या मैत्रिणीचं म्हणणं, टायरमध्ये हवा कमी असेल. हवा बरोबर आहे. हेडसेटमुळं असं होतं का?

घाटवाटा

ताई, हेच ते जास्त आवळलेलं हेडसेट. सायकल सरळ चालते ती तुम्ही हँडल घट्ट धरल्यामुळं नाही. ती सतत इकडं-तिकडं कलते आणि पुढचं चाक त्या त्या बाजूला किंचित वळून तिला सावरतं. दर सेकंदाला बारीक बारीक सुधारणा चालू असतात, आपल्याला पत्ताही नसतो. हेडसेट जाम असेल तर चाक वेळेवर वळत नाही, उशिरा वळतं आणि जास्त वळतं. म्हणून ती झोकांडी. ढिल्या हेडसेटची निदान खडखड ऐकू येते. जाम हेडसेट गुपचूप असतं आणि घाटात उतरताना जास्त दगा देतं. खुलताबादच्या उतारावर हे ज्यानं अनुभवलंय त्याला विचारा.

वर लिहिलेली उचलून कलवायची चाचणी करा. स्टेमचे बोल्ट सैल करा, टोपण पाव फेरा सोडा, स्टेमला तळहातानं हलकी थाप द्या म्हणजे बसलेलं सुटेल, आणि पुन्हा वरच्या पद्धतीनं सेट करा.

गोदाकाठची

केलं. सोडल्यावर हलकं झालं, पण हँडल फिरवताना आतून खरखर येते, धातूवर धातू घासल्यासारखी. सर्व्हिसिंगच्या आधी ही नव्हती. शेवटी खडखड जाते तिथं खरखर सुरू होते, मधली जागाच नाही.

बाबूमिस्त्री

ताई, जाळी उलटी बसवलेली आहे, पैज लावा. तुमच्या सायकलीत सीलबंद बेअरिंग नसणार, जाळीतले छर्रे असतील. जाळीला सुलट-उलट असते. उलटी बसली की छर्रे टेकायच्या ऐवजी जाळीचा पत्रा घासतो. मग आवळा, सोडा, काही करा, सुख नाही. पोरं धुवायला काढतात आणि घाईत बसवतात.

ओळखायचं कसं ते सांगतो. वरची जाळी कपात ठेवायची, त्यावर त्याचा जोडीदार भाग ठेवायचा आणि नुसत्या तळव्यानं दाबून फिरवायचं. सुलट असली तर लोण्यावाणी फिरतंय. उलटी असली तर लगेच कुरकुरतंय. वरची आणि खालची जाळी एकाच तोंडाची असेल असं धरून चालू नका, दोन्ही अशाच तपासा. आणि उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या, माझ्या वक्ताला हे नव्हतं.

गोदाकाठची

मिस्त्रीकाका, खालची जाळी उलटी होती! दुसऱ्या दुकानातून समोर बसून करून घेतली. पत्र्यावर घासल्याच्या रेघा दिसत होत्या, छर्रे शाबूत. आता हात सोडला तरी सायकल रेषेत जाते. मनापासून आभार.

तेरणाकाठ, कळंब

मिस्त्री, आमचं बी बघा. काळी जुनी सायकल हाय, दुधाचे कॅन वाहायची. हँडल सरळ धरलं की खटकन मधी बसतंय, कुलूप लागल्यावाणी. वळवताना त्यातनं काढावं लागतंय. ढिलं केलं तरी खटका हायच, वर खडखड बी यायली. टोपण-बिपण नाही, वर मोठा नट हाय.

बाबूमिस्त्री

ही खरी सायकल! हिचं शास्त्र वेगळं. हिला फोर्कच्या पाइपाला आटे असतात. वरचा कप आट्यावर फिरवून सेटिंग करायचं, त्यावर खाच बसणारा वायसर, आणि त्यावर चेकनट, म्हणजे तुमचा तो मोठा नट. स्टेमचा यात काही संबंध नाही, तो नुसता पाइपात घुसून पाचरीनं अडकलेला असतो.

तुमचा खटका म्हणजे कपात खड्डे पडलेत. सायकल सगळा जन्म सरळ चालते, छर्रे त्याच त्याच जागी बसून राहतात, आणि कॅनचं वजन घेऊन रस्त्याचा हादरा तिथंच बसतो. ग्रीस तिथून निसटतं, नवं आत येत नाही. खालच्या कपात आणि फोर्कवरच्या कड्यात बघा, छर्ऱ्याएवढे गोल डाग ओळीनं दिसतील. हे सेटिंगनं जात नाही. ढिलं करून खटका कमी वाटला तर फसू नका, तो अजून खोल जायला लागतो.

नवा कपाचा सेट टाकणं हा खरा इलाज, महाग नसतो. तोवर ढकलायचं असेल तर एक जुगाड आहे. खाली जाळी असेल तर ती काढून सुटे छर्रे भरायचे, त्याच मापाचे. सुटे छर्रे जाळीपेक्षा संख्येनं जास्त मावतात, त्यामुळं ते जुन्या खड्ड्यांवर सगळे एकदम बसत नाहीत. खटका बराच मरतो. कप पूर्ण भरायचा आणि मग एक छर्रा काढायचा, त्यांना फिरायला जागा पाहिजे.

सेट करताना एक ध्यानात ठेवा. चेकनट आवळला की त्याच्याखालचा आट्याचा कप थोडा दबतो आणि सेटिंग आपोआप घट्ट होतंय. म्हणून आधी केसभर ढिलं ठेवायचं, तो आट्याचा कप एका पान्यानं धरायचा आणि दुसऱ्यानं चेकनट त्याच्यावर आवळायचा. एकच पाना वापरला तर दोन्ही एकत्र फिरतात आणि जाम होतंय. छिन्नी-हातोडीनं ठोकून आवळायची फॅशन आपल्याकडं लई आहे, त्यानं नटाचे कान जातात. उगं कशाला.

लेथवाला

मिस्त्रींच्या यादीत एक भर. त्या जुन्या स्टेमवर खालच्या बाजूला एक रेघ असते, ती पाइपाच्या बाहेर दिसता कामा नये. उंच हँडलच्या नादात लोक स्टेम इतका वर ओढतात की पाचर नेमकी आट्यांच्या जागी फुगते. तिथं पाइप आधीच पातळ असतो. पाइप बाहेर फुगला की वरचा कप फिरायचा बंद होतो, आणि लोक बेअरिंगला दोष देतात. स्टेम सुटत नसेल तर बोल्ट दोन-तीन फेरे सोडून डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक घाव द्या, पाचर खाली पडते.

जिंतूररोड

अपडेट. ५ मिलिमीटरचा स्पेसर स्टेमच्या वर टाकला, घाटवाटांनी सांगितलं तसं सेट केलं. टोपण जेमतेम अर्धा फेरा आवळल्यावर खडखड गायब. दगड करायची वेळच आली नाही. कलतं धरलं की हँडल आपोआप पडतं. आज गतिरोधकांवरून मुद्दाम वेगात गेलो, काही आवाज नाही.

सेट उघडाच होता म्हणून आतलं ग्रीस बघितलं. वरचं ठीक, खालचं पांढरट झालं होतं. हे काय?

घाटवाटा

पाणी मिसळलं की ग्रीस पांढरट होतं. खालचं बेअरिंग पुढच्या चाकाच्या बरोबर वर असतं, पावसाळ्यात चाक सगळं पाणी तिथंच उडवतं. आणि आपल्याकडं पावसाळ्यानंतर सायकल काळ्या मातीनं माखते, मग माणूस मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर जाऊन प्रेशरच्या पंपानं धुऊन आणतो. तो फवारा सीलच्या आत पाणी घुसवतो. काळी माती वाळू द्या, काडीनं उकला, मग ओल्या फडक्यानं पुसा. पंप लांबून, कपावर तर नकोच.

आतलं जुनं ग्रीस रॉकेलनं काढा, पुसून पूर्ण कोरडं करा, नवं सढळ हातानं भरा. लिथियमचं चालतं. सीलबंद काडतूस बेअरिंग असेल तर ते रॉकेलमध्ये बुडवू नका, बाहेरून पुसून भोवती ग्रीस लावा. गंज सुटतो म्हणून फवारायचं पातळ तेल यात मारू नका, ते ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतः टिकत नाही.

बाबूमिस्त्री

जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद पट्टा कापा आणि फोर्क काढलेला असतानाच खालच्या कपावर चढवून ठेवा, सांधा झाकेल असा. पाणी निम्मं अडतं. पण इतका घट्ट नको की हँडल फिरताना ओढेल.

तेरणाकाठ

सेट नवाच टाकतो मग. पाना कितीचा आणू, ३२ चा का ३६ चा?

लेथवाला

१ इंची पाइपाच्या जुन्या सायकलींना बऱ्याचदा ३२ चा लागतो, १⅛ इंची आट्याच्या पाइपाला ३६ चा. पण अंदाजानं घेऊ नका, नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजून जा. आणि पाने दोन लागतात. कपाचा पाना पातळ हवा, जाड पाना चेकनटाखाली घुसत नाही.